कोळसा संपला, आता जमीन परत करा!

दरवर्षी ऑक्टोबरमध्ये आमच्या नवापूर तालुक्यातून काही कार्यकर्ते दीक्षाभूमीवर जातात. नागपूर आटोपले की त्यातले दोन-चार जण पुढे चंद्रपूरची गाडी धरतात. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी चंद्रपुरातही धम्मदीक्षा दिली होती, हे आपल्यापैकी अनेकांना आजही ठाऊक नसते. मागच्या खेपेला तिथल्या मित्रांनी आम्हाला घुग्घुसला नेले. "दीक्षाभूमी पाहिली, आता पायाखालची भूमी पण बघा," असे ते म्हणाले.

घुग्घुसच्या अमराई वॉर्डात २६ ऑगस्ट २०२२ च्या संध्याकाळी एक राहते घर जमिनीत गेले. ते कोसळले नाही, पडले नाही, सरळ खाली गेले, सत्तर फुटांच्या आसपास. घरातली माणसे हादरा जाणवताच बाहेर पळाली म्हणून वाचली. आजूबाजूची घरे रिकामी करावी लागली. या वस्तीखाली जुन्या भूमिगत कोळसा खाणीची भुयारे आहेत.

विसरवाडीला परत आल्यावर दहा-पंधरा लोकांत बसून मी हे सांगत होतो. खाण बंद करण्याचे नियम काय, झाडे कशी लावतात, खाणीचे तोंड कसे बुजवतात, असे सगळे. एक मावची म्हातारे बाबा शांतपणे ऐकत होते. मध्येच त्यांनी मला थांबवले. "भाऊ, कोळसा काढून झाला ना? मग जमीन परत दिली का त्यांनी?" मी पुन्हा वृक्षारोपणावर आलो. बाबा म्हणाले, "झाडं नको सांगू. सातबारा कोणाच्या नावावर आहे ते सांग."

मला उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख.

बाबांच्या तोंडी 'परत' हा शब्द उगाच आलेला नाही. १९७१-७२ च्या काळात शहाद्याच्या परिसरात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेच्या लढ्याने सावकारांच्या, बड्या शेतकऱ्यांच्या घशात गेलेल्या आदिवासी जमिनींचा प्रश्न राज्यासमोर उभा केला. त्याच काळातल्या दबावातून महाराष्ट्रात अनुसूचित जमातींना जमिनी परत देण्याचा १९७४ चा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासीकडे गेलेली आदिवासीची जमीन, व्यवहार कागदावर कायदेशीर असला तरीही, परत देण्याची तरतूद त्यात आहे. आणि आदिवासीने त्यासाठी मोजायची रक्कम बाजारभावाने नाही, जमिनीच्या आकारणीच्या ४८ पट, शिवाय सुधारणांची किंमत, तीही हप्त्याने. जमीनदार मंडळी न्यायालयात गेली. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. बाबांच्या घरची काही एकर जमीन याच कायद्याने परत आली आहे. त्यामुळे त्यांच्या डोक्यात हिशेब साफ आहे. घेतलेली वस्तू काम झाल्यावर परत करायची असते.

आता एक योगायोग पाहा. ज्या १९५७ सालापासून हा कायदा आदिवासीची गेलेली जमीन मोजायला सुरुवात करतो, त्याच १९५७ साली केंद्र सरकारने दुसरा एक कायदा केला, कोळसाधारी क्षेत्र (संपादन व विकास) अधिनियम. या कायद्याने जमीन सरकारकडे निहित होते आणि पुढे सरकारी कोळसा कंपनीच्या नावावर जाते, सर्व बोजांपासून मुक्त. कोळसा संपल्यावर ती मूळ धारकाला परत करण्याचे कलम त्यात नाही. सावकाराकडून जमीन परत मिळवण्याचा रस्ता या राज्यात आहे, सरकारी कंपनीकडून मिळवण्याचा नाही.

कोणी म्हणेल, २०१३ चा नवा भूसंपादन कायदा आहे ना? त्याच्या कलम १०१ मध्ये पाच वर्षे न वापरलेली जमीन मूळ मालकाला किंवा सरकारच्या जमीन बँकेला परत करण्याची तरतूद आहे. पण त्याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत तेरा कायदे वगळलेले आहेत आणि त्यात हा १९५७ चा कोळसा कायदा आहे. २०१५ साली केंद्राने आदेश काढून मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी या तेरा कायद्यांनाही लावल्या. परतीची तरतूद मात्र लावली नाही. पैसे वाढवून मिळतील, जमीन मिळणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

भूमिगत खाणीत हा प्रश्न उघड्या खाणीपेक्षा जास्त फसवा आहे. उघड्या खाणीत खड्डा दिसतो, मातीचे डोंगर दिसतात, फोटो निघतो. भूमिगत खाणीत वर शेत तसेच असते. १९५७ च्या कायद्यात सगळी जमीन घेता येते, किंवा जमिनीतले फक्त खाणकामाचे हक्कही घेता येतात. म्हणजे वरचे शेत शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर आणि पोट कंपनीच्या ताब्यात. शेतकऱ्याला वाटते आपली जमीन शाबूत आहे. मग एखाद्या पावसाळ्यात बांध तिरपा होतो, धुऱ्याजवळ भेग पडते, पाणी त्या भेगेतून नाहीसे होते. खाण चालू असताना आतले पाणी रात्रंदिवस उपसावे लागते, त्यामुळे आसपासच्या विहिरी खोल जातात. खाण बंद झाली, पंप थांबले, की तेच पाणी भुयारांत भरत जाते. जुन्या भुयारात साठलेले पाणी काय करू शकते हे देशाने २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाला येथे पाहिले. तिथे खाणीत पाणी घुसून ३७५ कामगार गेले.

आतली रचना समजून घेतली तर घर खाली का जाते ते कळते. आपल्याकडच्या जुन्या खाणी बहुतेक खांब सोडण्याच्या पद्धतीच्या. कोळशाच्या थरात आडव्या-उभ्या गल्ल्या काढायच्या आणि मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब छताला आधार म्हणून ठेवायचे. शेवटच्या टप्प्यात ते खांबही काढतात. त्यानंतर दोन मार्ग उरतात. एक तर छत पडू द्यायचे, नाही तर पोकळीत पाण्याच्या दाबाने नदीची वाळू भरायची. वाळू भरायला पैसा लागतो, वेळ लागतो, पाइप लागतात, म्हणून ती कागदावर जास्त आणि भुयारात कमी भरली जाण्याची भीती कायम असते. जिथे खांब सोडले तिथेही ते कायमचे टिकत नाहीत. पाण्याने, हवेने कोळसा झिजतो. थर जमिनीच्या जवळ असेल तर पन्नास-साठ वर्षांनीसुद्धा वर अचानक खड्डा पडतो. कोळसा काढणारा केव्हाच निवृत्त झालेला असतो. खड्ड्यात जाणारा त्या वेळी जन्मलेलाही नसतो.

इथे मला आपल्याच चळवळीला एक गोष्ट सांगायची आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. हे आपण भाषणात सांगतो. पण पोकळीत वाळू भरण्यासाठी १९३९ चा जो कायदा होता, ज्यात कोळशावर उपकर घेऊन त्या पैशातून वाळूभराईला मदत करायची होती, त्याच्या दुरुस्तीचे विधेयक कायदेमंडळात मांडणारे मजूरमंत्रीही बाबासाहेबच होते. हे कोणी सांगत नाही. संविधान लिहिण्याआधी या माणसाने खाणीच्या पोकळीचा विचार केला होता. खाण रिकामी सोडायची नाही आणि भरण्याचा पैसा कोळशातूनच आला पाहिजे, हे तत्त्व ऐंशी वर्षांपूर्वी कायद्यात होते. आपण जयंतीला बँजो लावतो, पण हे पान उघडत नाही. असो.

सरकार म्हणते, आता नियम आहेत. आहेत, नाकारत नाही. कोळसा मंत्रालयाने ऑगस्ट २००९ मध्ये खाण बंद करण्याच्या योजनेची मार्गदर्शक तत्त्वे आणली. कंपनीने दरवर्षी एका वेगळ्या एस्क्रो खात्यात पैसे ठेवायचे. दर ठरला उघड्या खाणीला हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीला हेक्टरी १ लाख रुपये. पुढे दर वाढले, पण सहास एक हे प्रमाण कायम राहिले. कारण काय? तर भूमिगत खाणीत वरची जमीन कमी बिघडते म्हणे! घुग्घुसच्या त्या खड्ड्याच्या काठावर उभे राहून हे वाक्य म्हणून दाखवावे. भूमिगत खाणीत जमीन उशिरा बिघडते, एवढाच फरक आहे. एकराला हिशेब केला तर तो दर चाळीस हजार रुपये पडतो. आणि त्या तत्त्वांनुसार त्यातला ८० टक्क्यांपर्यंत पैसा दर पाच वर्षांनी काम दाखवून कंपनीला काढता येत असे.

शिवाय २००९ पूर्वी बंद झालेल्या खाणींचे काय? त्यांच्यासाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना निघाल्या त्या ऑक्टोबर २०२२ मध्ये, म्हणजे घुग्घुसचे घर गेल्यानंतर दोन महिन्यांनी. चंद्रपूर जिल्ह्यात इंग्रज सरकारची वरोऱ्याची खाण १९०६ सालीच बंद झाली. तेव्हापासून मोजले तर नियम यायला शंभराहून जास्त वर्षे लागली. खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ चे. त्यानंतर देशात पहिल्यांदा रीतसर, अंतिम बंदचे प्रमाणपत्र मिळाले ते २०२५ साली, वेकोलिच्याच बैतूल जिल्ह्यातल्या पाथाखेडा भागातील तीन भूमिगत खाणींना. अर्धशतक कोळसा काढला, किती खाणी थांबल्या, आणि नियमाप्रमाणे बंद झालेल्या पहिल्या तीन खाणी आत्ता मिळाल्या. बाकीच्या फक्त सोडून दिल्या, असेच म्हणावे लागेल.

मग सोडलेल्या जमिनीचे काय करायचे, यावर १३ एप्रिल २०२२ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने धोरण मंजूर केले. बाबासाहेबांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. कोळसा काढून झालेली किंवा खाणीला निरुपयोगी ठरलेली जमीन कोळसा व ऊर्जेच्या प्रकल्पांसाठी भाडेपट्ट्याने देता येईल, त्यात औष्णिक आणि सौर प्रकल्प, कोल वॉशरी, रेल्वे साइडिंग, भरपाईचे वनीकरण आणि प्रकल्पग्रस्तांचे पुनर्वसनही आहे. मालकी कंपनीकडेच राहील. मूळ धारकाला परत देण्याचा पर्याय त्या यादीत नाही. आणि ही जमीन पडून राहिली तर अतिक्रमण होते, ही चिंताही सरकारने तेव्हा मांडली. अतिक्रमण कोण करतो हो? ज्याची जमीन गेली त्याचा नातू तिथे शेळ्या चारतो, झोपडी टाकतो, तो अतिक्रमणदार! आणि भाडेपट्टा घेऊन सोलर पॅनेल लावणारी कंपनी विकासक!

याचा आदिवासीपुरता अर्थ नीट लावा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ मुळे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. पण तीच जमीन आधी कोळशासाठी सरकारने घेतली, कोळसा काढला, आणि मग खाजगी भागीदाराला भाड्याने दिली, तर कलम ३६ चा प्रश्नच उरत नाही. पुढचा दरवाजा बंद ठेवून मागचा उघडा, असे हे संरक्षण आहे. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात कोळसा नाही, म्हणून आम्ही निवांत राहावे का? कायद्याची ही पळवाट कोळशापुरती राहील याची हमी कोण देतो? उकाई धरणाच्या पाण्यात आणि सरदार सरोवराच्या पाण्यात जमिनी गेलेली माणसे याच जिल्ह्यात आहेत. 'राष्ट्रहिता'ची ओळख आम्हाला नव्याने करून द्यायची गरज नाही.

आता आपल्याच घरातला आक्षेप. बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने मला विचारले, "सर, बाबासाहेबांनी तर 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये जमिनीचे राष्ट्रीयीकरण मागितले होते. मग तुम्ही सरकारकडून काढून खाजगी मालकाला का देता?" प्रश्न उत्तम आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही.

१९४७ च्या त्या मसुद्यात शेती हा राज्याचा उद्योग असावा असे आहे, हे खरे. पण पुढे काय आहे? राज्याने ती जमीन गावातल्या कुटुंबांना जात-धर्म न पाहता कसायला द्यायची, सामूहिक पद्धतीने, आणि बी-बियाणे, बैल, अवजारे यासाठी भांडवलही राज्याने पुरवायचे. गावात जमीनदार नको, कूळ नको आणि भूमिहीन मजूरही नको, हा त्यामागचा हेतू. राज्याने जमीन घेऊन कंपनीला द्यावी आणि कंपनीने भाड्याने लावावी, याला बाबासाहेबांचा राज्य समाजवाद म्हणणे म्हणजे त्या पुस्तकाचा अपमान आहे.

आणि हाच धागा धरून मी पुढे जातो, जिथे आपले काही शेतकरी मित्र माझ्यावर नाराज होतील. जमीन परत करा म्हणजे फक्त जुन्या खातेदाराला परत करा, असे मी म्हणत नाही. कोल इंडियाच्या धोरणात दोन एकरामागे एक नोकरी असा हिशेब आहे. ज्याच्याकडे वीस एकर होती त्याच्या घरात मोबदलाही आला आणि नोकऱ्याही आल्या, बहुतेक मुलांच्या नावावर, मुलींच्या नाही. ज्याच्याकडे एकही एकर नव्हती, जो त्याच शेतात सालगडी होता, जी बाई त्याच शेतात निंदणाला जात होती, तिला काय मिळाले? तिचे नाव सातबाऱ्यावर नव्हते, म्हणून मोबदल्याच्या यादीत नाही. जमीन गेली तेव्हा तिची मजुरी गेली. विदर्भातल्या खेड्यात हा भूमिहीन कोण आहे हे मी सांगायला नको. तो बौद्ध वस्तीत राहतो, नाही तर गोंड-कोलाम पाड्यावर. खाणीत तो गेलाच तर ठेकेदाराकडे, आणि खाण बंद झाली तेव्हा त्याला बदलीचा आदेशही आला नाही. गेट बंद झाले, एवढेच.

म्हणून माझे म्हणणे असे. आदिवासी खातेदाराची जमीन १९७४ च्या कायद्याच्या धर्तीवर त्याला परत मिळाली पाहिजे. मोबदला घेतलाच आहे, मग परत कशाला, हा आक्षेप चालणार नाही. १९७४ सालीही विकत घेणाऱ्यांनी पैसे मोजले होते आणि तरी कायद्याने जमीन परत करवली. उरलेल्या सुरक्षित जमिनीवर पहिला हक्क भूमिहीनांच्या सामूहिक शेतीचा असावा, आणि पट्ट्यावर बाईचे नाव असावे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली पडीक जमिनींसाठी हजारो भूमिहीनांना घेऊन तुरुंग भरले होते. १९५९ च्या लढ्यात आपला खानदेश पुढे होता. कोळसा कंपन्यांच्या ताब्यातली बंद खाणींची जमीन ही आजची तशीच पडीक जमीन आहे.

मात्र ज्या जमिनीखाली पोकळी आहे ती 'परत' म्हणून गरिबाच्या गळ्यात मारू नये. आधी भरा, मग द्या. भरायला वाळू नाही, असे कंपनी म्हणू शकत नाही. वेकोलि नागपूर जिल्ह्यात उघड्या खाणींच्या मातीच्या ढिगातून वाळू वेगळी काढते आणि ती घरकुलांसाठीही दिली आहे. ती भुयारात का जात नाही? चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या वीज केंद्राची राख भरा असेही सुचवले जाते. त्याबाबत मी सावध आहे. भुयारात पाणी आहे आणि त्या पाण्याचा गावाच्या विहिरींशी संबंध आहे. राखेतले जड धातू त्यात उतरले तर एक रोग घालवून दुसरा आणल्यासारखे होईल. सावनेरच्या बाजूला वेकोलिने भूमिगत खाणीची ओळख करून देणारे इको पार्क केले आहे, पाटणसावंगीला खाणीचे पाणी शुद्ध करून बाटलीत भरतात. चांगले आहे, पर्यटकांनी पाहावे. पण बाग आणि बाटली दाखवून सातबाऱ्याचा प्रश्न मिटत नाही.

बाहेरच्या देशातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जर्मनीच्या रूर खोऱ्यात शेवटची दगडी कोळशाची खाण २०१८ च्या अखेरीस बंद झाली. तिथे जुन्या भुयारांतले पाणी कायम उपसत राहावे लागणार आहे, त्यासाठी वेगळे प्रतिष्ठान पैसा पुरवते आणि त्या कामाला ते 'अनंतकाळची कामे' म्हणतात. पण त्याहून मोठी गोष्ट त्यांच्या खाण कायद्यात आहे. भूमिगत खाणीच्या प्रभावक्षेत्रात घराला खाणीमुळे पडावा तसा तडा गेला, तर तो खाणीमुळेच गेला असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही हे कंपनीने सिद्ध करायचे. आपल्याकडे उलटे आहे. तडा पडला की आधी विचारतात, बांधकाम कच्चे होते का, घर परवानगीने बांधले का, जागा नझूलची का. कच्चे घर असणे हा गुन्हा आणि जमीन पोकळ करणे ही देशसेवा! अॅट्रॉसिटीच्या कायद्यात काही बाबतीत कायदा गृहीतक धरतो, तसे इथे का नको? पुराव्याचा भार उलटा केल्याशिवाय एकाही कंपनीला जुने नकाशे उघडावेसे वाटणार नाहीत.

त्या नकाशांपासूनच सुरुवात करता येईल. खाण सोडताना तिचा नकाशा खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे द्यावा लागतो. इमारत, रस्ता किंवा रेल्वेखाली, आणि त्यांच्यापासून ४५ मीटरच्या आत, परवानगीशिवाय कोळसा काढता येत नाही. म्हणजे परवानगी दिली असेल तर तिचाही कागद आहे. चंद्रपूर, वणी, राजुरा, सावनेर, कामठी इथल्या भीमसैनिकांना आणि बिरसा ब्रिगेडच्या मित्रांना विनंती आहे, की आपल्या वस्तीजवळच्या बंद भूमिगत खाणीबद्दल माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. बंद करतानाचा नकाशा, वाळूभराईच्या नोंदी, खाण बंद योजनेची प्रत, एस्क्रो खात्यात किती जमा झाले आणि त्यातून किती काढले, आणि खाणीसाठी घेतलेल्या गटांची यादी मूळ धारकाच्या नावासह मागा. घराला तडा असेल तर आजच शेजारी वर्तमानपत्र धरून फोटो काढा, तड्यावर पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि दर महिन्याला तेच करा. उत्तर आले की एक प्रत आमच्याकडे विसरवाडीला पाठवा. ग्रामसभेत ठराव मांडायचा आहे, की कोळशाच्या १९५७ च्या कायद्यात परतीचे कलम घालावे. आमच्या गावाखाली कोळसा नाही, हे तहसीलदार नक्की ऐकवतील. बाबांनी त्यावर आधीच उत्तर दिले आहे. त्यांच्या जमिनीचा परत मिळाल्याचा फेरफार ते ठरावाला जोडायला देणार आहेत.

जय भीम. जय जोहार.